ओट्यावरचा गणिती : श्रीनिवास रामानुजन

घरात विलक्षण बुद्धीचे मूल जन्माला आले म्हणजे आईबापांना धन्यता वाटते, शेजारीपाजारी कौतुक करतात, शाळेत बक्षिसे मिळतात. परंतु अशा मुलाला वाढवायचे कसे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या घरात पैसा आहे, पुस्तके आहेत, चार जाणती माणसे आहेत, त्या घराचे निभावून जाते. ज्या घरात यातले काहीच नाही, त्या घराने काय करावे? आणि त्या घराभोवतीच्या समाजाने काय करावे?

श्रीनिवास रामानुजन यांचे चरित्र आपण बहुधा एक चमत्कार म्हणून वाचतो. मद्रासचा एक गरीब कारकून, त्याने इंग्लंडला पाठविलेले एक पत्र आणि त्यापाठोपाठ जगभर पसरलेली कीर्ती, एवढीच गोष्ट आपल्या लक्षात राहते. ती खरीच आहे. पण त्या पत्राच्या मागे पंचवीस वर्षांचे आयुष्य होते. त्या पंचवीस वर्षांत हा मुलगा कोणी सांभाळला, कोणी त्याला पुस्तक दिले, कोणी त्याची फी थांबविली आणि कोणी त्याला दोन वेळचे जेवण मिळेल अशी व्यवस्था केली, हे पाहू लागलो म्हणजे चमत्कार थोडा बाजूला राहतो आणि माणसे दिसू लागतात. या लेखात त्या माणसांकडे अधिक लक्ष द्यावयाचे आहे.

कुंभकोणम् हे तंजावर प्रांतातील कावेरीच्या खोऱ्यातले देवळांचे गाव. तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे आठवतात. त्यांच्या वंशजांची गादी, शेवटी शेवटी नाममात्र का होईना, १८५५ सालापर्यंत तेथे होती. या कुंभकोणमात सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर एका लहानशा घरात रामानुजनचे बालपण गेले. त्याचा जन्म मात्र आजोळी, ईरोड येथे, २२ डिसेंबर १८८७ रोजी झाला. वडील श्रीनिवास अय्यंगार कापडाच्या दुकानात हिशेबनीस होते. पगार महिना वीस रुपयांच्या आसपास. ते सकाळी दुकानात जात ते संध्याकाळी उशिरा परत येत. घर चालविले ते आईने. कोमलतम्माळ ही करारी, हुशार आणि श्रद्धाळू स्त्री होती. देवळात भजने गाऊन ती चार पैसे मिळवी आणि कॉलेजात शिकणारी परगावची मुले घरी ठेवून घेऊन संसाराला हातभार लावी. मुलाला दोन वर्षांचा असताना देवी आल्या. तो त्यातून वाचला. त्याच्या पाठीवर झालेली तीन भावंडे मात्र तान्हेपणीच गेली. एकुलत्या उरलेल्या मुलावर आईचा जीव किती असेल, हे सांगावयास नको.

मुलगा अबोल होता. शाळेत रमत नसे. पण १८९७ साली प्राथमिक परीक्षेत तो जिल्ह्यात पहिला आला आणि त्यामुळे कुंभकोणमच्या टाऊन हायस्कूलमध्ये त्याला अर्धी फी माफ झाली. आपल्याकडे ज्याला नादारी म्हणत, त्यातलाच हा प्रकार. रक्कम काही मोठी नव्हती. पण वीस रुपयांत घर चालविणाऱ्या बाईच्या दृष्टीने अर्धी फी म्हणजे पुष्कळ होते. रामानुजनच्या शिक्षणाला बाहेरून मिळालेली ही पहिली मदत. तिच्यावर तो सहा वर्षे शिकला.

दुसरी मदत पुस्तकांची. घरी राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांना गणितात जे येत होते, ते सारे अकरा वर्षांच्या या मुलाने त्यांच्याकडून काढून घेतले. मग त्याला लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक वाचावयास मिळाले. ते कॉलेजच्या वर्गांसाठी लिहिलेले. तेराव्या वर्षी त्याने ते पुरे केले होते. पुढे १९०३ साली, सोळाव्या वर्षी, कार नावाच्या इंग्रज शिकवणी मास्तरांचा एक जाडजूड ग्रंथ त्याच्या हाती आला. केंब्रिजच्या परीक्षार्थींसाठी केलेली ती गणितातील सुमारे पाच हजार सूत्रांची जंत्री होती. एकाखाली एक सूत्रे, सिद्धता बहुतेक नाहीतच. एखादा दुसरा मुलगा असता तर त्याने ते पुस्तक कंटाळून मिटले असते. रामानुजनने एकेक सूत्र स्वतः सिद्ध करावयास घेतले. जी सिद्धता पुस्तकात नव्हती ती त्याला शोधावी लागली, आणि ती शोधता शोधता पुस्तकात नसलेली सूत्रेही सापडू लागली. कागद महाग, म्हणून सारी आकडेमोड पाटीवर चाले. कोपराने पाटी पुसायची, पुन्हा लिहायचे आणि शेवटी हाती आलेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरवून घ्यायचा. या वह्या पुढे जगप्रसिद्ध झाल्या. त्यांत रीत नाही, केवळ उत्तरे आहेत, याबद्दल गणितज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. त्याच्या कारणांत कारसाहेबांचा ग्रंथ जसा आहे, तशी कागदाची किंमतही आहे.

शाळेतील शिक्षकांनी या मुलाला ओळखले होते, ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची मानली पाहिजे. गणपती सुब्बय्यर या गणिताच्या शिक्षकांकडे शाळेचे वेळापत्रक बसविण्याचे काम असे. बाराशे विद्यार्थी, पस्तीसच्या आसपास शिक्षक, आणि कोठेही दोन तास एकमेकांवर यायला नकोत. त्यांनी ते किचकट काम या विद्यार्थ्याकडे सोपविले. १९०४ साली शाळा सोडताना त्याला गणिताचे रंगनाथराव पारितोषिक मिळाले. त्या समारंभात मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी भर सभेत सांगितले, की या मुलाच्या योग्यतेला शंभरापैकी शंभर गुणही कमीच पडतील.

येथपर्यंत सारे सुरळीत चालले होते. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो एफ. ए.च्या वर्गात दाखल झाला. तेथे गणिताबरोबर इंग्रजी, संस्कृत, शरीरशास्त्र आणि ग्रीस-रोमचा इतिहास असे विषय होते. रामानुजनचे मन एव्हाना एका गणितातच गुंतलेले. इतिहासाच्या तासालाही तो वहीत सूत्रे लिहीत बसे. परीक्षा झाली, इंग्रजीत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली.

तेव्हा कोमलतम्माळ उठली आणि थेट प्राचार्यांना जाऊन भेटली. गणितात ज्याच्या तोडीचा मुलगा कॉलेजने पाहिलेला नाही, त्याची शिष्यवृत्ती काढून कशी घेता, असा तिचा प्रश्न होता. प्राचार्यांनी तिचे सौजन्याने ऐकून घेतले. पण नियम तो नियम, यापलीकडे ते गेले नाहीत. फी होती एका सत्राला बत्तीस रुपये. म्हणजे वडिलांचा दीड महिन्याचा पगार.

हा प्रसंग आपण जरा थांबून पाहिला पाहिजे. प्राचार्य दुष्ट नव्हते. नियमही वाईट नव्हता. सार्वजनिक पैशातून दिलेली शिष्यवृत्ती सर्वांना सारख्या कसोटीवर द्यावी, एकासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरे असे होऊ नये, हे तत्त्व योग्यच आहे. आपल्याच वर्गातील एखाद्याला नापास होऊनही सवलत मिळाली, तर आपणही तक्रार करू. अडचण एवढीच, की तो नियम सर्व विषयांत सारखी चाल असणाऱ्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. ज्याची बुद्धी एकाच दिशेला बाणासारखी जाते, अशा मुलाचा विचार तो करताना कोणाच्या मनात आलेला नव्हता.

त्याच सुमारास आपल्याकडे काय घडले होते ते आठवावे. कोकणात, दापोली तालुक्यातील मुर्डी गावचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा असाच गणितात असामान्य मुलगा. तो रामानुजनहून अकरा वर्षांनी मोठा. नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांनी त्याची बुद्धी वेळीच ओळखली, त्याला मुंबईस आपल्याजवळ आणून शिकविले. परांजपे सर्वच विषयांत तरबेज होते. परीक्षा, शिष्यवृत्त्या, फर्ग्युसन कॉलेज अशा पायऱ्या चढत ते केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. दोघेही गरीब, खेड्यापाड्यांच्या आसमंतातले. एकाला घरचाच जाणता माणूस भेटला आणि परीक्षांच्या पायऱ्या त्याच्या पावलांना जुळल्या. दुसऱ्याच्या आईला इंग्रजी कॉलेजच्या कारभारातले काही कळत नव्हते, आणि तिच्या वतीने बोलणारे दुसरे कोणी नव्हते.

शिष्यवृत्ती गेल्यानंतर काही महिन्यांनी, ऑगस्ट १९०५ मध्ये, रामानुजन कोणालाही न सांगता घरातून निघून गेला. तो विशाखापट्टणमला पोहोचला होता. तो परत येईपर्यंत त्या घरावर काय गुदरले असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढच्या वर्षी मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न झाला. तेथे सिंगारवेलू मुदलियार या प्राध्यापकांनी त्याला जवळ केले; दोघे मिळून गणिताच्या नियतकालिकांतली कूट उदाहरणे सोडवीत बसत. पण एफ. ए. काही झाली नाही. १९०६ च्या डिसेंबरात नापास, १९०७ मध्ये पुन्हा नापास. गणितात उत्तीर्ण आणि बाकीच्या विषयांत अनुत्तीर्ण. पदवीचे दार बंद झाले ते कायमचेच.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे या चरित्रातील सर्वांत काळवंडलेली. नोकरी नाही, पदवी नाही. शिकवण्या धराव्यात तर परीक्षेपुरते शिकविणे त्याला जमेना; साध्या उदाहरणावरून तो कोठल्या कोठे निघून जाई. घराच्या ओट्यावर मांडी घालून, मांडीवर मोठी पाटी घेऊन तो दिवसचे दिवस बसलेला असे. समोरून गाड्या जात, देवळाकडे माणसे जात, पोरे खेळत. त्याचे लक्ष नसे. गावाच्या दृष्टीने तो परीक्षेत आपटलेला एक रिकामटेकडा पोरगा होता. घराने मात्र त्याला टाकून बोलून हाकलून दिले नाही, हे विसरता येत नाही. आई आणि आजी भात कालवून त्याच्या हातावर घास ठेवीत, म्हणजे लिहिता लिहिता त्याला खाता येई, अशी आठवण त्याच्या पत्नीने पुढे सांगितली आहे. त्यांना गणित कळत नव्हते. मुलाचे जे काही चालले आहे ते मोडू नये, एवढे मात्र त्यांना कळत होते.

१४ जुलै १९०९ रोजी आईने त्याचे लग्न लावून दिले. वधू जानकी दहा वर्षांची. त्याच सुमारास त्याला अंडवृद्धीचा विकार जडला; शस्त्रक्रियेला घरात पैसे नव्हते. १९१० च्या जानेवारीत एका डॉक्टरांनी ती विनामूल्य करून दिली. प्रपंचाची जबाबदारी आता अंगावर आली होती. रामानुजन आपल्या वह्या काखेत मारून नोकरीच्या शोधात बाहेर पडले.

ते तिरुक्कोयिलूर येथे व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. हे गृहस्थ डेप्युटी कलेक्टर, पण मनाने गणिती. १९०७ साली भारतीय गणित मंडळाची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली होती. गणितप्रेमी मंडळींनी वर्गणी काढून परदेशी नियतकालिके मागवावीत आणि ती आपसात फिरवून वाचावीत, असा मूळचा साधा हेतू. आणि त्या मंडळाचे ग्रंथालय होते आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. रामानुजनांनी त्यांच्याकडे कचेरीत कारकुनी मागितली. रामस्वामी अय्यरांनी वह्या चाळल्या आणि अशा माणसाला महसूल खात्याच्या खालच्या पायरीवर गाडून टाकण्याचे आपल्या हातून व्हावयाचे नाही, असे ठरविले. त्यांनी नोकरी दिली नाही. मद्रासच्या गणिती स्नेह्यांना ओळखीची पत्रे दिली. नोकरी देण्यापेक्षा ही मदत मोठी ठरली.

त्या पत्रांवरून प्रा. शेषू अय्यर, आणि मित्रांच्या खटपटीने नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव, अशी साखळी जुळत गेली. रामचंद्र रावांना प्रथम शंका होती. मळकट कपड्यांतला, दाढी वाढलेला हा तरुण खरा की भोंदू, हे त्यांना ठरविता येईना. पण त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा भेट दिली, समजेल तेवढे समजावून घेतले, आणि खात्री पटल्यावर त्याला काय हवे म्हणून विचारले. पोटाची काळजी न करता काम करता यावे, एवढीच रामानुजनांची मागणी होती. रामचंद्र रावांनी स्वतःच्या खिशातून महिना पंचवीस रुपये देण्यास सुरुवात केली. १९११ साली भारतीय गणित मंडळाच्या नियतकालिकात बर्नुली संख्यांवरचा रामानुजनांचा पहिला मोठा लेख प्रसिद्ध झाला. कोणत्याही कॉलेजचे नाव त्यांच्यामागे नव्हते. लेख छापणाऱ्यांनी लेखच पाहिला.

दुसऱ्याच्या पैशावर फार दिवस राहणे मनाला पटेना, म्हणून १ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर हिशेबखात्यात कारकून झाले. तेथले मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे पदवीधर आणि गणित मंडळाचे कोषाध्यक्ष होते. कचेरीचे काम आटोपल्यावर दोघे संध्याकाळी पाट्या घेऊन बसत. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनाही नारायण अय्यरांनी या कारकुनाचे महत्त्व पटवून दिले. वरिष्ठांनी कामात सूट दिली, आणि इंग्लंडमधील तज्ज्ञांचे मत घेण्याची खटपट सुरू झाली.

पुढचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. केंब्रिजच्या दोन नामांकित गणितज्ञांनी साहाय्य केले नाही. १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजनांनी ट्रिनिटी कॉलेजचे जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. सोबत सूत्रांची पाने. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी ती पाने तपासली आणि हा माणूस अव्वल दर्जाचा गणिती आहे, असा निर्णय केला. त्या पानांतही काही सूत्रे जुनी, आधीच सिद्ध झालेली होती. मूळ संख्यांविषयीची काही विधाने चुकीचीही होती. पण उरलेली अशी होती, की ती खोटी रचण्याइतकी कल्पनाशक्ती कोणाजवळ असणेच शक्य नव्हते, असे हार्डींना वाटले.

त्यानंतर मद्रास विद्यापीठाने जे केले त्याची चर्चा कमी होते. वेधशाळा खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी वह्या पाहून विद्यापीठाला शिफारस लिहिली. संशोधनाची शिष्यवृत्ती द्यावयाची तर उमेदवाराला पदवी हवी, आणि येथे तर एफ. ए.ही नाही! विद्यापीठाच्या सिंडिकेटमध्ये हा प्रश्न निघाला. संशोधनाला उत्तेजन देणे हा विद्यापीठाचा हेतू कायद्यातच नमूद होता, त्याचा आधार घेऊन मार्ग काढण्यात आला. १ मे १९१३ पासून दोन वर्षे महिना पंचाहत्तर रुपये मंजूर झाले. कुंभकोणमला नियमाने जे दार बंद केले होते, ते मद्रासला नियमाचा हेतू वाचून उघडण्यात आले. दोन्ही ठिकाणी माणसे प्रामाणिकच होती. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी मुलाच्या बाजूने बोलणारी जाणती माणसे त्या खोलीत बसलेली होती.

केंब्रिजला जाण्यास घरचा विरोध होता. समुद्र ओलांडणे सनातनी घराला मानवणारे नव्हते. मुलाला युरोपियनांच्या सभेत बसलेले आपण पाहिले आणि नामगिरी देवीने आपल्याला आड न येण्याची आज्ञा केली, असे स्वप्न आईला पडले, तेव्हा तो विरोध मावळला. १९१४ च्या आरंभी केंब्रिजचे नेव्हिल मद्रासला व्याख्यानांसाठी आले होते. त्यांनी सर्व व्यवस्था मार्गी लावली. विद्यापीठाने वर्षाला अडीचशे पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि त्यांतले पन्नास पौंड घरी आईवडिलांच्या निर्वाहासाठी राखून ठेवले. हा तपशील लहान वाटतो, परंतु ज्याने कोणी तो सुचविला त्याला परिस्थितीची नेमकी जाण होती. मिळवता मुलगा शिकायला दूर गेला, की घराची चूल कशावर पेटावयाची? शिकणाऱ्याला मदत दिली आणि घर उघड्यावर टाकले, तर ते मन अभ्यासात कसे लागणार?

१७ मार्च १९१४ रोजी रामानुजनांनी मद्रास सोडले. केंब्रिजमध्ये हार्डींपुढे वेगळाच पेच होता. या शिष्याला आधुनिक गणिताचा पुष्कळसा भाग मुळी ठाऊकच नव्हता. आणि तो पाठ्यक्रमाच्या शिस्तीने शिकवावा तर त्याची स्वतःची उपज दडपली जाण्याची भीती. हार्डींनी बेताबेताने शिकविले आणि आपणच त्याच्यापासून अधिक शिकलो, असे पुढे मोकळेपणाने सांगितले. १९१६ साली अत्यंत विभाज्य संख्यांवरील प्रबंधासाठी केंब्रिजने रामानुजनांना बी. ए. ही पदवी दिली. एफ. ए.त दोनदा अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी असा एकदाचा पदवीधर झाला! १९१८ च्या मे महिन्यात ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांच्या आधी हा मान मिळालेले भारतीय एकच, १८४१ सालचे मुंबईचे आर्देशर करसेटजी. त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप मिळाली, आणि ती मिळविणारे ते पहिले भारतीय. टॅक्सीच्या १७२९ या क्रमांकाची गोष्ट तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते.

परंतु हा मान मिळत असताना माणूस मात्र आतून खचत होता. महायुद्धामुळे शाकाहारी माणसाला लागणारे जिन्नस दुर्मीळ झाले. स्वयंपाक स्वतः करायचा, तोही कामाच्या धुंदीत वेळी-अवेळी. लिटलवुड सैन्यात गेले. १९१७ मध्ये रामानुजन आजारी पडले ते पुन्हा धड बरे झालेच नाहीत. शुश्रूषागृहांच्या फेऱ्या सुरू झाल्या. क्षयाचा संशय धरून उपचार झाले. यकृतात मुरलेली आमांशाची व्याधी हे खरे कारण असावे, असे अलीकडच्या काळातील एका वैद्यकीय अभ्यासात सुचविण्यात आले आहे. घरी सासूसुनेचे पटत नव्हते. जानकीची पत्रे त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली जात नव्हती. ज्या आईने त्यांच्यासाठी प्राचार्यांचा उंबरठा झिजविला, तिच्याच मायेच्या हट्टामुळे त्यांना हजारो मैलांवर एकटे पडावे लागले. असामान्य मुलाच्या आईला सल्ला देणारे, तिलाही सावरणारे कोणी हवे असते. कोमलतम्माळला असे कोणी भेटले नाही.

२७ मार्च १९१९ रोजी रामानुजन बोटीने मुंबईस उतरले. धक्क्यावर आई आणि भाऊ आले होते, पत्नी नव्हती. पुढे ती आली आणि अखेरपर्यंत तिने त्यांची शुश्रूषा केली. अंथरुणावरही पाटी-कागद सुटले नाहीत. १९२० च्या जानेवारीत त्यांनी हार्डींना अभिनव अशा एका फलनप्रकाराची माहिती देणारे शेवटचे पत्र पाठविले. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

मृत्यूनंतर त्यांच्या वह्या गणितज्ञांना पुरून उरल्या. १९५७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या जशाच्या तशा छापून काढल्या. शेवटच्या वर्षातील सुटी पाने १९७६ मध्ये अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांना केंब्रिजच्या ग्रंथालयात सापडली. जानकीअम्मा मात्र विद्यापीठाच्या लहानशा निवृत्तिवेतनावर राहिल्या. काही वर्षे त्या मुंबईत भावाकडे होत्या. पुढे मद्रासला शिवणकाम करून त्यांनी स्वतःचे पोट भरले. १९९४ साली त्या वारल्या. प्रतिभावंताच्या घरातली माणसे काय किंमत मोजतात, याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडलेला नसतो.

खरी प्रतिभा आपली वाट आपणच काढते, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. रामानुजनांचे नाव त्याच्या पुराव्यादाखल हमखास घेतले जाते. हे चरित्र नीट वाचले तर तसे दिसत नाही. हार्डींनी तर असे मत मांडले आहे, की रामानुजन तरुणपणी गेले ही त्यांची खरी शोकांतिका नव्हे. अठराव्या वर्षानंतरची जी पाच वर्षे वाया गेली, ज्या वयात गणिती माणसाची बुद्धी सर्वांत तल्लख असते, त्या वर्षांत योग्य दिशा मिळाली नाही, हीच ती शोकांतिका. ती पाच वर्षे एका सत्राच्या बत्तीस रुपयांपाशी सुरू झाली होती.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. पुण्याला १९६२ साली बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठी ज्ञान प्रबोधिनी निघाली. मुंबईचे होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र गणिताच्या आणि विज्ञानाच्या ऑलिंपियाड स्पर्धांचे काम पाहते. शिष्यवृत्तीच्या परीक्षा गावोगाव होतात. २०१२ पासून २२ डिसेंबर हा राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. हे सारे स्वागतार्ह आहे. तरीही परीक्षेत चमकणारे मूल परीक्षेलाच सापडते. जे एका विषयात अचाट आणि बाकीच्या विषयांत नापास आहे, ते आजही वर्गातल्या मागच्या बाकावरच सापडायचे. त्याला ओळखणारा गणपती सुब्बय्यर प्रत्येक शाळेत असेलच, अशी खात्री देता येत नाही. आपल्यातले कित्येक जण उद्या शिक्षक होणार आहेत, कचेऱ्यांत अधिकारी होणार आहेत. एखादी अडाणी आई आपल्या पोराची रदबदली करायला आपल्या टेबलासमोर येऊन उभी राहील, तेव्हा नियम वाचून दाखवायचा की नियमाचा हेतू शोधायचा, हे त्या वेळी आपल्यालाच ठरवावे लागेल.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. इंग्लंडमध्ये आजारी असतानाच मद्रास विद्यापीठाने रामानुजनांना परत आल्यावर वर्षाला अडीचशे पौंड देण्याचे ठरविले. ११ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी विद्यापीठाच्या रजिस्ट्रारना आभाराचे पत्र लिहिले. ही रक्कम आपल्या गरजेपेक्षा फार जास्त आहे, असे त्यांनी कळविले. त्यातून वर्षाला पन्नास पौंड आईवडिलांना द्यावेत आणि स्वतःच्या आवश्यक खर्चानंतर जे शिल्लक राहील ते शिक्षणासाठी वापरावे, विशेषतः गरीब आणि पोरक्या मुलांची फी कमी करण्यासाठी आणि शाळांना पुस्तके पुरविण्यासाठी, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. रॉयल सोसायटीचा तो सदस्य आपल्या देशातल्या मुलांसाठी काही भव्य मागू शकला असता. त्याने फी आणि पुस्तके मागितली. लहानपणी आपल्याला काय मिळाले होते आणि काय कमी पडले होते, याचा त्याला विसर पडला नव्हता.